तिचा मास्क हलत नव्हता

गुरुजी, त्या सकाळी मी आंघोळ करून देवापुढे उदबत्ती लावली आणि डोळे मिटून रामरक्षा म्हणायला बसलो. देव म्हणजे कपाटाच्या फळीवर टेकवलेली गावच्या देवीची तसबीर आणि अंगठ्याएवढा पितळी गणपती. खोलीही एवढीशी, की अंथरूण गुंडाळल्याशिवाय आसन मांडता येत नाही. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून खिडकी बंद होती. स्तोत्र संपलं, नमस्कार केला, पिशवी खांद्याला लावली आणि शाळेत जायला दार उघडलं, तर दारात माणसं उभी. इमारतीचा राखणदार हातात आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन, समोरच्या खोलीतली म्हातारी अंगावर रजई ओढून, तिच्यामागे कॉलेजच्या दोन मुली अनवाणी. सगळे माझ्याकडे बघत होते. राखणदाराने माझ्या डोक्यावर, छताकडे बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या डबीवर लाल दिवा लुकलुकत होता. धूर झाला की वाजणारा भोंगा. तो दहा मिनिटं वाजत होता, हे मला नंतर कळलं, आणि राखणदाराने दाराची बेलही चार-पाच वेळा दाबली होती. म्हातारीने दोन्ही कानांवर हात दाबून धरलेत हे मी पाहिलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की भोंगा अजून वाजतोय. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी कमरेत वाकून सगळ्यांची माफी मागितली, तिथे तशीच मागतात, उदबत्ती पाण्यात बुडवली आणि बसथांब्यापर्यंत चालत गेलो.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. तुमचा एडवणच्या शाळेतला विद्यार्थी गेली दोन वर्षं कोरियातल्या एका शहरात इंग्रजी शिकवतो. आपल्याकडच्या बी.एड. झालेल्या शिक्षकांना तिथल्या सरकारी शाळांत साहाय्यक म्हणून घेतात, हे मला बोईसरच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. मी अर्ज केला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुमी इथे केळव्याच्या पुढे गेलात की तुमाला घर आठवतं." पण गेलो. तिथे शाळेच्या दारात बूट काढून सपाता घालायच्या असतात. जेवण शाळेतच, खाचे पाडलेल्या स्टीलच्या ताटात, आणि स्टीलच्याच काड्यांनी जेवायचं. पहिले दोन महिने माझा भात मांडीवर सांडायचा आणि शेजारची पोरं गंभीर चेहऱ्याने मला काड्या कशा धरायच्या ते दाखवायची. सोमवारी मी मासे खात नाही, हे स्वयंपाकघरातल्या बाईंना एकदाच सांगितलं; त्यानंतर दर सोमवारी माझ्या ताटात अंडं आलं. बाजारात सुक्या मासळीची रांगच आहे. एकदा तिथून जाताना सातपाटीचा वास आला आणि मी उगाच पंधरा मिनिटं एका दुकानापुढे उभा राहिलो. चांगली माणसं आहेत गुरुजी. मीच तिथे रोज घाबरून राहिलो. बसमध्ये थांब्याची नावं पुकारतात ती मला नीट कळत नव्हती, म्हणून मी बोटांवर थांबे मोजायचो. जपाला बसलो की मणी आणि थांबे यांची गल्लत व्हायची.

भाषा परकी आहे म्हणून ऐकू येत नाही, असं मी मानत होतो. निदान मानायचा प्रयत्न करत होतो. खरं तर मला त्याआधीच माहीत होतं. नोकरीवर रुजू होण्याआधी तिथे तब्येतीची तपासणी करतात. एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की दाबायचं. पहिले जाड आवाज आले, मी दाबलं. मग काहीच येईना. काचेत नर्सबाईचं प्रतिबिंब दिसत होतं. तिचं बोट यंत्रावर हललं की आवाज सोडला जातोय, एवढं कळत होतं. तिचं बोट हललं की मी बटण दाबत गेलो. कागदावर शिक्का बसला. बाहेर येऊन मी देवाचे आभार मानले. ते कसले आभार होते, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही.

तुमच्या वर्गात हे चाललं नसतं. पाचवीला इंग्रजी सुरू झालं तेव्हा तुम्ही सगळ्यांना एकसुरात धडा म्हणायला लावायचात आणि म्हणणं चालू असताना बाकांमधून फिरायचात. एकेकाच्या तोंडाजवळ वाकून, कानामागे हात धरून उभे राहायचात. तुमच्या कोटाला तपकिरीचा वास यायचा. तो वास जवळ आला की मी पुस्तकात डोकं घालायचो, कारण मला एक अक्षर येत नव्हतं आणि मी नुसते ओठ हलवत होतो. महिनाभर निभावलं. मग एक दिवस तुम्ही माझ्यापाशी वाकलात आणि सरळच झाला नाहीत. सगळा वर्ग थांबला. तुम्ही म्हणालात, "ओठ चांगले हलवतोस. आवाज कुठं हाय तुझा?" पोरं हसली. मी रडायला लागलो. तुम्ही मारलं नाहीत. शाळा सुटल्यावर घरी बोलावलंत, तुमच्या ओटीवर बसवलंत आणि आतून रेडिओ आणलात. त्याचं मागचं झाकण रबराने बांधलेलं होतं. "हा घेऊन जा. इंग्रजी बातम्या लागतात. कळल्या नाय तरी ऐक. आधी कान, मग तोंड." आमच्या पानवेलीच्या मळ्यात मी तो रेडिओ खुंटीला टांगून पाणी द्यायचो. वडील म्हणायचे, वेलींना इंग्रजी समजायला लागली, आता पानं साहेबाच्या तोंडात जाणार. माझं इंग्रजी त्या मळ्यातून आलंय, गुरुजी.

मग पालघरला कॉलेज आणि कॉलेज चालावं म्हणून बोईसरला यंत्रमागावर, कान फाटेल अशा खडखडाटात, नोकरी. आठ वर्षं. तुम्ही एकदा चष्म्यासाठी बोईसरला आला होता आणि दुपारची पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर थांबला होता, ते मला स्पष्ट आठवतं. मी धावत आलो, पाया पडलो आणि बोलत सुटलो. परीक्षा, बी.एड.चा प्रवेश, काय काय. तुम्ही थोडा वेळ ऐकलंत आणि म्हणालात,

"ओरडतोस कशाला रे? मी काय बहिरा हाय?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

"मग तू व्हायला लागलायस. उद्यापासून कानात कापूस घाल. तुला इंग्रजी शिकवायची हाय ना?"

दुसऱ्या दिवशी मी कापूस घालून मागावर उभा राहिलो. माझ्या रांगेतला उत्तरेकडचा एक कारागीर दुरूनच सगळ्यांना हातवारे करून दाखवू लागला. जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "मास्टरजी को ठंड लग गई, भाई, कोई शॉल लाओ." सगळे हसले. तिसऱ्या दिवशी मी कापूस घेऊन गेलो नाही. एवढ्याशा हसण्याला मी घाबरलो होतो. तुम्ही पुढे विचारलंत तेव्हा "घालतो" म्हणून सांगितलं.

आता मूळ गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच लिहायला बसलोय. माझं एक तंत्र बसलं होतं. जाड आवाज मला येतात. पुरुषमाणूस बोललं तर अडचण नाही. बारीक आवाज गेले, म्हणजे नेमके लहान मुलांचे. पण मी ओठ वाचायचो. इंग्रजी धडा आपलाच, वाक्यं आपणच दिलेली, मूल काय म्हणणार हे आधीच माहीत. ओठ बघून पुढचं जुळायचं. नाहीच जुळलं तर "व्हेरी गुड" म्हणायचं. तिथली मुलं परक्या शिक्षकाकडून तेवढीच अपेक्षा करतात. मग थंडी सुरू झाली, सर्दीची साथ आली, हवेत धूळ वाढली, आणि एका सोमवारी सगळा वर्ग मास्क लावून बसला. अठ्ठावीस मुलं, आणि एकालाही तोंड नाही. मी खडू हातात धरून उभा होतो आणि मला घाम फुटला होता.

त्याच आठवड्यात पाचवीची तोंडी परीक्षा होती. माझ्यासोबत वर्ग घेणाऱ्या बाई, तिशीतल्या, अतिशय नेमक्या, त्या वर्गात मुलांना सांभाळणार आणि मी शेजारच्या लहान खोलीत एकेकाला घेणार, अशी पद्धत. मास्क काढ म्हणायची सोय नव्हती. पाच प्रश्न विचारायचे, उत्तरं ऐकायची, शेरा लिहायचा. मी सगळ्यांना चांगलेच शेरे दिले. त्यात एक मुलगी आली. स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतलेली, केस कपाळावर. मी प्रश्न विचारला, थोडा थांबलो, "व्हेरी गुड" म्हणालो. दुसरा विचारला, थांबलो, "व्हेरी गुड." पाचही झाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, ही आता रडेल. मी "उत्तम" लिहिलं. ती वाकून नमस्कार करून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई शिक्षकखोलीत माझ्या टेबलाशी आल्या. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, कोणी गेलं. खुर्ची जवळ ओढून, मास्क खाली करून त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "ती तुमच्याशी बोलली? ती दोन वर्षं शाळेत कोणाशी एक शब्द बोललेली नाही. मैत्रिणींशी नाही, माझ्याशी नाही. घरी बोलते, शाळेच्या दारात आली की बंद. तुम्ही काय केलंत?"

मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला. मला मात्र ती खोली दिसत होती, ती मुलगी दिसत होती. कोणी बोललं की मास्क थोडा आत ओढला जातो, हनुवटीपाशी वरखाली होतो. बाकी सत्तावीस मुलांचे मास्क हलले होते, ते आठवून मला सांगता येत होतं. तिचा मास्क हलत नव्हता. पाच प्रश्न ती माझ्यासमोर मुकी उभी होती आणि मी पाच वेळा तिला शाबासकी दिली होती.

तेव्हाच सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं. पण त्याच्या पुढचं वाक्यही तयार होतं: मग बाकीच्या सत्तावीस जणांचं काय ऐकलंत? आणि त्याच्या पुढे ती काचेची खोली, ते बटण. तुम्हाला खोटं सांगून काय उपयोग, मी नोकरी जाईल म्हणून घाबरलो, पण त्याहून जास्त घाबरलो ते सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघण्याला. भोंग्याच्या सकाळी दारात उभी होती तशी माणसं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिची आई शाळेत आली. मुलगी तिच्यामागे. आईने एक खोका पुढे केला. आपल्या चिकूएवढं, पण केशरी असं एक फळ असतं तिथे, ते सोलून सुकवतात. खोक्यात ती फळं ओळीने मांडलेली. शिक्षकाने काही घेणं तिथे कायद्याने चालत नाही, कॉफीसुद्धा नाही. बाईंनी हसून तो परत केला, आई पुन्हा पुढे करत होती. मग आई बोलत राहिली आणि बाई मला सांगत राहिल्या. मुलीला बोलतं करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे ती आठवड्यातून दोनदा न्यायची. मुलगी जायला रडायची. आता शाळेत बोलायला लागलीच आहे, शेऱ्यावर तसं लिहिलंय, तर उगाच छळ कशाला, म्हणून आईने तिकडे नेणं बंद केलं होतं. "तुमच्यामुळे," असं त्या म्हणाल्या. आई माझ्यापुढे एवढी वाकली की तिच्या डोक्यावरचा पांढरा भांग मला दिसला. मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. ती मला घाबरत होती, मी सांगून टाकेन म्हणून. आणि मी तिला.

मी वाकून नमस्कार केला आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसलो.

आता महिना होत आला, मी बोईसरला घरी आहे. तिकडची शाळा मार्चमध्ये सुरू होते. इथे आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बायको शेजारी जाताना सांगून गेली की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी कुकरसमोर स्टुलावर बसलो होतो, गुरुजी, समोर. ती परत आली तेव्हा भात करपून खोलीभर वास पसरला होता. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मला तिचं तोंड दिसेल अशी. तेव्हा लक्षात आलं की ती कित्येक वर्षं माझ्याशी अशीच समोर येऊन बोलते.

"किती मोजल्यात?" तिने विचारलं.

"दोन."

"सात झाल्या. मी शेजारून मोजत होते."

"मग आली का नाहीस?"

"बघत होते, तुमी कधी सांगता ते," ती म्हणाली. "एवढी वर्षं नाय सांगितलात. तिकडे पोरांना कसं शिकवता?"

मग मी तिला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "पोरगी केवढी हाय?" अकरा वर्षांची, म्हटलं. ती उठून करपलेला कुकर घासायला लागली.

पालघरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. या वेळी मी आवाज आला तेव्हाच बटण दाबलं, आणि बराच वेळ ते दाबायची पाळीच आली नाही. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, मग उतरणीला लागलेली. "किती वर्षं होतात लूमवर?" "आठ." "हे परत येणार नाही. मशीन लावलं तर बरंच काम होईल. आधी का नाही आलात?" मी म्हटलं, वेळ नाही मिळाला. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

त्या रात्रीपासून मला जप करता येईना. माळ हातात घेतली की वाटतं, मी पुन्हा ओठच हलवतोय, आणि तिकडे कोणीतरी कानामागे हात धरून वाकलंय. आणखी एक गोष्ट आठवत राहते. ती तुम्हाला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. तुमच्या शेवटच्या दिवसांत मी एडवणला आलो होतो. तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. तुम्ही माझा हात धरून काहीतरी सांगितलंत, बरंच सांगितलंत, आणि शेवटी प्रश्न केल्यासारखं थांबलात. मला एक शब्द कळला नव्हता. मी म्हणालो, "हो गुरुजी." तुम्ही समाधानाने डोळे मिटलेत. मी कशाला हो म्हणालो ते मला आजही माहीत नाही. एक वाक्य पुन्हा सांगा म्हणायला मला काय झालं होतं? तुम्ही सांगितलं असतंत. तुमच्याकडे तेव्हा अजून तीन दिवस होते.

मी बाईंना इंग्रजीत मेल लिहिली. परीक्षेत ती मुलगी बोलली नाही. मला ऐकू येत नाही, म्हणून मला ते कळलं नाही, आणि कळल्यावर मी लपवलं. तपासणीतही मी फसवलं. सोबत डॉक्टरांचा कागद जोडलाय. कृपा करून तिच्या आईला आजच सांगा, तिला त्या डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा न्यायला हवं. आणि मुलीला सांगा की चूक तिची नव्हती, सरांची होती. एवढंच. लिहायला अर्धा तास लागला, आणि मग ती अकरा दिवस तशीच पडून राहिली. रोज उघडायचो, एखादा शब्द बदलायचो. बायको चहा ठेवताना विचारायची, "गेली?" मी नाही म्हणून मान हलवायचो. एकदा ती म्हणाली, "तुमी एकेक दिवस थांबता, तेवढे दिवस ती पोरगी डॉक्टरकडे जात नाय." तिने हे चढ्या आवाजात म्हटलं नाही. माझ्यासमोर येऊन म्हटलं.

आज सकाळी साडेनऊला मी ती पाठवली. तिकडे तेव्हा दुपारचा एक वाजतो. पाच मिनिटांत फोन थरथरायला लागला. बाईंचा व्हिडिओ कॉल. बायकोने फोन माझ्यासमोर धरला. बाईंनी डोळे पुसलेले दिसले आणि त्या बोलायला लागल्या, भरभर, मान खाली घालून, त्यामुळे ओठ दिसेनात. बारीकसा सूर तेवढा येत होता. त्या थांबल्या. काहीतरी विचारलं होतं. माझ्या तोंडात "येस, येस" आलंच होतं.

तुम्हाला हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते वहीतच राहील. पण त्या क्षणी मी काय म्हणालो ते सांगून थांबतो. मी म्हणालो, मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. बाईंनी मान वर केली, तोंड पडद्याजवळ आणलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.